काठोकाठ बशी

सिकंदरला मुलगा झाल्याची बातमी खुद्द सिकंदरच्या आधी गल्लीत पोचली. दवाखान्यातली आया गल्लीतल्याच कुणाची तरी मावशी निघाली. ती पहाटे पाळी संपवून घरी आली, आणि मग काय विचारता! पेढ्यांचा पुडा घेऊन सिकंदर कोपऱ्यावर वळला तेव्हा दारादारात माणसं उभी होती. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या अकरा वर्षांत नूरजहांनं किती दर्ग्यांना चादरी बोलल्या आणि किती डॉक्टरणींचे उंबरे झिजवले, याचा हिशेब तिनं स्वतःच कधी ठेवला नव्हता. चौऱ्याहत्तर सालच्या त्या थंडीच्या सकाळी ते सगळं एकदाचं फिटलं.

घरात शिरल्या शिरल्या त्यानं आईला कमरेला धरून उचललं.

"या अल्ला! सोड रं, पडशील!" मेहरुनबी ओरडली.

"पडत न्हाई अम्मा. आज मी कशानंच पडत न्हाई."

"वजन किती भरलं?"

"सव्वासहा पौंड. नाक अब्बांचं घेतलंय."

दुकानातल्या खाटेवर बसलेल्या हाफिजनं स्वतःचं नाक डाव्या हातानं चाचपून बघितलं. मागच्या रमजानात झटका आल्यापासून त्याचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. "चला, काहीतरी खपलं आपलं," तो म्हणाला आणि सगळे हसले.

मेहरुनबीनं पदराला डोळे पुसले आणि सवयीनं चहा बशीत ओतला. काठोकाठ. सिकंदरनं बशी उचलली ती हसत, बोलत, बापाकडं बघत. अर्धा चहा पोटात गेला आणि अर्धा सदऱ्यावर.

"आज न्हाई," मेहरुनबी म्हणाली आणि डाळीच्या डब्याचं झाकण परत घट्ट बसवलं.

"आज मागतंय कोण?" सिकंदर म्हणाला. तेव्हा त्याला ते खरंच वाटत होतं.

हे घर सतारी-तानपुऱ्यांचं. लाकूड तासणं, भोपळा कापून बसवणं, नक्षी, रंग ही कामं कुणीही, कुठल्याही दिवशी करावीत, त्याला कुणाची आडकाठी नव्हती. जवारीचं तसं नव्हतं. तारा ज्या रुंद पट्टीवरून जातात त्या शिंगाच्या घोडीचा माथा कानशीनं अगदी केसाएवढा घासला की तार बोलायला लागते, तिच्यातून आवाजावर आवाज उमलत जातो. केसाएवढा जास्त घासला की तीच तार मुकी होते. आणि घासलेलं शिंग पुन्हा भरत नाही. म्हणून हाफिजच्या आईनं कधीकाळी एक रीत घातली होती. जवारीची कानस दुकानात ठेवायची नाही. ती स्वयंपाकघरात, तुरीच्या डाळीच्या डब्यात, हिरव्या फडक्यात गुंडाळून. ज्याला ती हवी त्यानं सकाळी काठोकाठ भरलेली बशी उचलून चहा प्यायचा. थेंब सांडला तर त्या दिवशी कानस मिळणार नाही. दुःखाच्या दिवशी नाही आणि आनंदाच्याही दिवशी नाही. म्हातारी जाताना डबा मेहरुनबीच्या हातात देऊन गेली, त्यालाही तीस वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून या घरातल्या पुरुषांचे हात मेहरुनबी रोज सकाळी चहावर वाचत आली होती.

*

अकराच्या सुमाराला सांगलीहून दादासो आला. टॅक्सीच्या मागच्या सीटवर रजईत गुंडाळलेला तानपुरा आडवा झोपवला होता आणि दादासो पुढं ड्रायव्हरला खेटून अवघडून बसला होता. गाणाऱ्या बनुबाईंचा हा भाचा. बाईंचं गाणं दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगलीत होतं. वय बहात्तर. यानंतर बैठकीत बसणार नाही, असं बाईंनी आपल्या तोंडानं सांगून टाकलं होतं.

"पंचम बसलाय बघा," रजई सोडत दादासो म्हणाला. "काल रियाजाला बसली आत्या, तार छेडली आणि जी उठली ती जेवलीच न्हाई. म्हणती, ह्यो बोलला न्हाई तर मी बी न्हाई गाणार."

"दुसरा देऊ की तयार. दोन पडल्यात," हाफिजचा धाकटा भाऊ अप्पालाल म्हणाला.

"चाळीस वर्षं याच्याच आवाजात गाती ती. शेवटच्या दिवशी तिला शेजारच्या घरात जेवायला धाडता व्हय?"

ते खरं होतं. तानपुरा हाफिजच्या वडिलांनी केलेला. घोडी सांबरशिंगाची, तीही त्यांच्याच हातची. तसलं शिंग आता बघायला मिळत नव्हतं.

आतल्या दारातून मेहरुनबीचा आवाज आला. "उद्या सकाळी काम हुईल. दुपारच्या आत सांगलीत पोचवतो."

"आज का न्हाई?"

"आज घरात आनंद झालाय."

दादासोनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. "आनंद झाला म्हणून काम बंद? आवं, लोक आनंदानं चार कामं जास्त करत्यात!"

अप्पालाल गालातल्या गालात हसला. तीस वर्षांत पहिल्यांदाच बाहेरचा माणूस त्याच्या मनातलं बोलला होता. तो आता सत्तावन्न वर्षांचा होता. लाकूड आणायचं, भोपळे निवडायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं, हे सगळं त्याच्याकडं. कानस मात्र नाही. तरुणपणी त्यानं ती एकदाच मागितली होती, बशी सांडली होती, आणि भाभीनं डब्याचं झाकण लावलं होतं. तो आवाज तो अजून विसरला नव्हता. त्यानंतर त्यानं पुन्हा मागितली नाही. तुझा हात लाकूड तासायच्या वाकसावर बसलाय, असं हाफिज म्हणाला आणि विषय संपला. म्हणजे इतरांचा संपला.

"भाभी," तो म्हणाला, "पोराचा हात आज चांगला हाय. बघा तर तोंडाकडं त्याच्या. असल्या दिवशी बिघडतंय का काय?"

"असल्याच दिवशी बिघडतंय अप्पाभाई."

"अम्मा, पंचमाचं तर काम हाय," सिकंदर म्हणाला. सकाळचं 'मागतंय कोण' तो आता विसरला होता. "दोन हात मारायचे. बाई शेवटचं गाणार आणि आपण उद्या उद्या करायचं?"

"उद्या सकाळी, सिकंदर."

"अब्बा, तुमी तरी सांगा."

हाफिजनं मान भिंतीकडं वळवली. बायको आणि भाऊ यांच्या मधोमध तो जन्मभर असाच भिंतीकडं बघत आला होता. त्या भिंतीवरचा प्रत्येक पोपडा त्याच्या ओळखीचा असणार. "घरातलं ती बघती," तो पुटपुटला.

दादासो चरफडत उठला. चार वाजता परत येतो, तोवर काय ते ठरवा, असं सांगून तो स्टेशनाकडं गेला. मेहरुनबी शिऱ्याचा रवा भाजायला आत वळली, कारण दुपारी बायका येणार होत्या. अप्पालाल आपल्या खोलीत गेला. त्यानं ट्रंक उघडली. तळाला, जुन्या स्वेटरखाली एक कानस होती. दर दुपारी घर झोपलं की टाकाऊ घोड्यांवर तो ती चालवायचा, तीस वर्षं, कुणाला न सांगता. आज त्यानं ती मागच्या खोलीत नेऊन सिकंदरच्या हातात ठेवली.

"ही घे. हिला चहा पाजावा लागत न्हाई."

*

सिकंदरनं मागच्या खोलीचं दार लोटलं. पंचमाची तार सैल करून बाजूला घेतली, खाली फडकं पसरलं, आणि घोडीवर तोंड आणून फुंकर मारली. आजोबांच्या कानशीच्या खुणा उजेडात तिरप्या दिसत होत्या. त्यानं मनात बिस्मिल्ला म्हटलं.

पहिला हात मारला. तार चढवली, तारेखाली आवाज खुलवणारं सूत सरकवलं, छेडलं. आवाज थोडा उघडला. दुसरा हात. आणखी उघडला. तिसऱ्याला तर पंचम असा बोलला, की त्याच्या अंगावर शहारा आला. त्याला एकदम पहाटेची खोली आठवली, पांढऱ्या फडक्यातलं लालबुंद तोंड, मिटलेल्या मुठी. आज आपल्या हाताला यश आहे. आज आपण हात लावू ते चांगलंच होणार. अकरा वर्षं जो दरवाजा बंद होता तो उघडलाय, त्याच्यापुढं हे सांबरशिंग ते काय!

इथं थांबायला पाहिजे होतं. रोजचा सिकंदर थांबला असता. रोज तो तिसऱ्या हातानंतर कानस खाली ठेवायचा, बाहेर जाऊन विडी ओढायचा, परत येऊन ऐकायचा. आज त्याला बाहेर जावंसं वाटलं नाही.

एक हात पोराच्या नावाचा, असं तो मनात म्हणाला. आणि मारला.

कानस किंचित दबली. किंचितच. हाताला कळलं, पण आनंदाला कळलं नाही. त्यानं तार चढवली, छेडली. सूत पुढं घेतलं, मागं घेतलं. पुन्हा छेडली. तार नुसती टण् करून थांबत होती. मग त्यानं बोटाच्या पेरानं घोडीचा माथा चाचपला आणि त्याला तिथला खड्डा लागला.

बाहेर दुकानात हाफिज डोळे मिटून पडला होता. आत चारपाच बायका जमल्या होत्या, मेहरुनबीला हसवत होत्या, शिऱ्याच्या ताटल्या फिरत होत्या. भिंतीपलीकडून तो कोरडा आवाज आला तसे हाफिजचे डोळे उघडले. तारेचं आणि शिंगाचं नातं त्याला साठ वर्षं माहीत होतं. तो भिंतीला धरून उठला. झटका आल्यापासून कुणाच्या आधाराशिवाय तो पहिल्यांदाच उठला होता, पण ते कौतुक करायची ती वेळ नव्हती.

"सिकंदर!" त्यानं हाक मारली. "दार उघड."

*

चार वाजता दादासो आला तेव्हा घरात मयत झाल्यासारखी शांतता होती. तानपुरा मधोमध सतरंजीवर. त्याच्या एका अंगाला सिकंदर गुडघ्यांत मान घालून बसलेला. शिऱ्याच्या ताटल्या हातात घेऊन आलेल्या बायका दाराशी गप्प उभ्या. जावं की थांबावं त्यांना कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर जायचं नव्हतं.

"काय झालंय?" दादासो म्हणाला. मग त्याला घोडीवरचा खड्डा दिसला. "आवं, हे काय करून ठेवलंय? मी आत्याला काय तोंड दाखवू?"

"येईल काढता," हाफिज म्हणाला. त्यानं घोडीवर अंगठा फिरवला. "समदा माथा खाली घ्यायला लागंल. खड्ड्याच्या बरोबरीला. शिंग उरलंय, पण एकाच वेळेपुरतं. ही खेप चुकली तर घोडी गेली."

"मी करतो," सिकंदर ताडकन उठला. "आत्ता करतो. मी बिघडवलं, मीच नीट करणार. द्या ती कानस."

मेहरुनबी आत गेली. चहा आधीच गरम होता, आलेल्या बायकांसाठी केलेला. तिनं बशी भरली आणि सगळ्यांच्या देखत सिकंदरपुढं धरली. त्यानं ती घेतली आणि बशी त्याच्या बोटांत थडथडायला लागली. चहा सतरंजीवर सांडला, त्याच्या पायांवर सांडला. त्यानं बशी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

"आज न्हाई," मेहरुनबी म्हणाली. "सकाळी हसत्या हाताला न्हाई म्हणाले, तर आता रडत्या हाताला देऊ? उद्या सकाळी बघू."

"उद्या, उद्या!" दादासो ओरडला. "उद्या गाणं हाय बाई!"

"संध्याकाळी हाय. सकाळ मधी हाय."

"कानस कुठली?" हाफिजनं विचारलं. त्याच्या ते आत्ता ध्यानात आलं होतं. "डबा तर हिच्यापाशी. कानस कुणी दिली तुला?"

अप्पालाल पुढं झाला. "मी दिली. माझी हाय ती."

"तुझी?"

"तीस वर्षांची. भाभीच्या बशीनं दिली न्हाई म्हणून बाजारातनं आणली."

"पोराला बुडवलंस अप्पा."

"बुडवलं असंल. त्याचं पाप माझ्या माथी, म्हणतोय का मी न्हाई?" अप्पालालचा आवाज चढला. इतक्या वर्षांत त्याला या घरात कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पण एक मला सांगा. आनंद झाला तर कानस न्हाई, दुःख झालं तर कानस न्हाई. बरोबर. लय बरोबर. मी मागितली त्या दिवशी मला काय झालं होतं? ना आनंद, ना दुःख. साधा बुधवार होता. हात कसा, दगडासारखा. तरी बशी सांडली. का सांडली भाभी?"

मेहरुनबीच्या हातात चहाची किटली होती. तिनं ती खाली ठेवली. दाराशी उभ्या बायकांकडं तिनं एकदा बघितलं. त्यांच्यापुढं बोलायची तिला लाज वाटली, आणि त्यांच्यापुढंच बोललं पाहिजे असंही वाटलं.

"सांडणारच होती," ती म्हणाली. "मी भरलीच तशी होती. काठाच्या बी वर, फुगून येईपर्यंत. ती कुणाच्याच हातात ऱ्हायली नसती."

"काय?"

"तुमच्या अम्मांनी डबा दिला त्याला महिना झाला होता. मी एकवीस वर्षांची. सिकंदर पोटात. तुमचा हात यांच्यापेक्षा हलका होता अप्पाभाई, ते मला बी दिसत होतं. मला वाटलं, दोन हातात कानस गेली की एका दुकानाची दोन दुकानं हुणार, आणि गिऱ्हाईक तुमच्याकडं जाणार. म्हणून भरली." तिनं सरळ अप्पालालकडं बघितलं. "नंतर रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. मग तुमीच मागायचं बंद केलंत. मला बरंच झालं. माझी चूक हाय. समद्यांचे हात बघायला बसले, आणि माझाच हात खोटा होता."

अप्पालाल तासून ठेवलेल्या लाकडावर मटकन बसला. त्याला राग यायला पाहिजे होता. तीस वर्षं सांभाळलेला राग होता, हक्काचा होता. पण तो शोधायला गेला तर हाताला काही लागेना. आपला हात वाईट नव्हता, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. आपला हात वाईट नव्हता.

हाफिजनं या खेपेला भिंतीकडं बघितलं नाही. तो भावाकडं बघत राहिला.

"मला बी दिसायचा तुझा हात," तो हळूच म्हणाला. "मी बी बोललो न्हाई."

दादासोनं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. तानपुरा बिघडला म्हणून भांडायला आलेला माणूस. त्याच्या पुढ्यात हे भलतंच उघडं पडलं होतं. "मी सकाळी सातला येतो," एवढंच तो म्हणाला.

*

दिवेलागणीला सिकंदर दवाखान्यात गेला. नूरजहां उशीला टेकून बसली होती. पोर तिच्या कुशीत, कापडात गच्च बांधलेलं. सिकंदरच्या तोंडावरूनच तिला कळलं.

"काय मोडून आलाय?"

त्यानं सगळं सांगितलं. पोराच्या नावाचा हात मारला तेही सांगितलं. सांगताना तो रडला. दवाखान्यात आजूबाजूला खाटा होत्या, त्यांवर बायका होत्या, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. नूरजहांनं पोराला त्याच्या मांडीवर दिलं. ते लगेच रडायला लागलं. तिनं परत घेतलं, पाजलं, ते झोपलं. मग परत रडलं.

"सकाळपासनं असंच चाललंय याचं," ती म्हणाली. "आधी मी बी त्याच्यासंगं रडत होते. आई म्हणाली, अगं, त्याला रडू दे, तू नीट बस. मी नीट बसले की ते झोपतंय."

"तुला लय आनंद न्हाई झाला का गं? तू नुसती बघतीयास."

"झालाय की. लय झालाय." तिनं पोराच्या डोक्यावरचं कापड सारखं केलं. "पण अकरा वर्षं दर ईदला दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेतली मी. हसत घ्यायची आणि घरी येऊन रडायची. त्यातनं एक शिकले. लगेच काय करायचं न्हाई. आनंद आला तरी जरा बसू द्यायचा, दुःख आलं तरी. मग हात लावायचा."

सिकंदरनं तिच्याकडं बघितलं. अकरा वर्षं शेजारी झोपणारी ही बाई आपल्या आईसारखंच बोलते, हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"उद्या मला जमंल का नूर?"

"ते उद्या सकाळी बशीला विचारा. मला काय विचारता?"

*

सकाळी सात वाजता दादासो दाराशी आला तेव्हा चहा उकळत होता. हाफिज खाटेवर ताठ बसला होता. रात्री त्याला झोप लागली नव्हती, पण कान लख्ख होते. मेहरुनबीनं बशी भरली आणि सिकंदरपुढं ठेवली.

सिकंदर बशीकडं बघत राहिला. हात पुढं केला नाही.

"उचल की रं," दादासो म्हणाला.

"माझा हात अजून कालचाच हाय," सिकंदर म्हणाला. "सांडणार न्हाई कदाचित. पण मला म्हाईत हाय, कालचा हाय. अम्मा, चाचांना दे."

हाफिजनं मुलाकडं बघितलं, आणि त्याला वाटलं, काल जे बिघडलं ते बिघडलं, पण आज या पोरानं जे केलं ते आपल्याला या वयात जमलं नसतं.

मेहरुनबीनं दुसरी बशी घेतली. चहा ओतताना तिचा हात इतका कापत होता की धार इकडंतिकडं गेली, जमिनीवर गेली. तीस वर्षं सगळ्यांची परीक्षा घेणाऱ्या बाईची बशी कुणी कधी भरली नव्हती. अप्पालालनं पुढं होऊन किटलीखाली हात धरला.

"सावकाश भाभी. लोटतंय कोण तुमाला?"

ती थांबली. श्वास घेतला. मग काठाच्या जरा खालीपर्यंत भरून बशी पुढं केली. "बघा. बरोबर हाय का?"

अप्पालालनं वाकून बघितलं. "कमी हाय. अजून घाला. न्हाईतर उद्या म्हणशीला, सवलत दिली."

तिनं घातलं. काठोकाठ, त्याच्या वर नाही. अप्पालालनं बशी दोन्ही हातांत घेतली, उचलली, ओठांना लावली. हाफिजला भावाच्या घशातला घोट ऐकू आला. एक, दोन, तीन. बशी खाली आली. फरशी कोरडी होती, सदरा कोरडा होता.

"साखर कमी हाय," अप्पालाल म्हणाला.

मेहरुनबी हसली आणि त्याच हसण्यात रडली. तिनं डाळीचा डबा उघडला, हिरव्या फडक्यातली कानस काढली आणि दिराच्या हातात दिली.

"मी कान," हाफिज म्हणाला. "तू हात. सिकंदर, तू सूत धर."

मग बराच वेळ कानशीचा आवाज तेवढा होता. अप्पालाल घाई करत नव्हता. चार हात मारायचा आणि थांबायचा. तार चढायची, सिकंदर सूत सरकवायचा, हाफिज डोळे मिटून ऐकायचा. "कोरडं हाय... अजून... आता उजव्या अंगाला..." दादासो उंबऱ्यावर बसून नखं खात होता. माथा उतरत गेला, खड्डा उथळ झाला, मग बोटाला लागेनासा झाला. नवाच्या सुमाराला पंचम पहिल्यांदा बोलला. हलका, लांबून आल्यासारखा. पुढच्या हाताला जवळ आला. त्याच्या पुढच्याला खोलीभर झाला, आणि तार थांबली तरी आवाज थांबेना. दादासो उभा राहिला. दारात मेहरुनबीनं पदर तोंडात धरला.

हाफिजचे डोळे मिटलेलेच होते. "अम्मा बसलीय बघ इथं," तो म्हणाला. डब्याची रीत घालणारी, त्याची आणि अप्पालालची अम्मा.

सिकंदरनं घोडीवरून बोट फिरवलं. तीस वर्षांच्या दुपारी त्या माथ्यात उतरल्या होत्या. त्याच्या कानाला अजून एक गोष्ट कळत होती, आणि ती खरी होती. आवाज अजून एवढासा उघडायचा राहिला होता.

"चाचा," तो म्हणाला, "अजून एक हात मारला तर पुरा उघडंल."

"उघडंल," अप्पालाल म्हणाला.

त्यानं कानस पुसली, हिरव्या फडक्यात गुंडाळली आणि मेहरुनबीच्या हातात परत दिली.

"ऱ्हाऊ दे. तो हात तुझ्या पोराचा."